वाटीतले स्क्रू

राग आला की मला काहीतरी घासायला लागतं. त्या दिवशी भांडी घासून झाली, ओटा घासून झाला, न्हाणीघरातली फरशी घासून झाली, तरी राग उतरेना. माणसाला घासता येत नाही, हीच तर अडचण आहे. नाहीतर मी आमच्या दादालाच घेऊन बसले असते.

सकाळी त्याचा फोन आला होता. माझा दादा शाळेत मुख्याध्यापक आहे. आधी भाषा शिकवायचा, व्याकरण वगैरे, मग शिकवता शिकवता खुर्चीवर चढला. घरात त्याला लहानपणापासूनच हेडमास्तर म्हणायचे, कारण तो दूध मागतानासुद्धा समजावून सांगायचा. मला भोंगा म्हणायचे. का ते सांगायला नकोच.

"हे बघ, शांतपणे ऐक," हेडमास्तर म्हणाले. "बाबांसाठी एका चांगल्या संस्थेत जागा मिळतेय. दिवसरात्र नर्स असते. दारांना कुलपं असतात, त्यामुळे माणूस कुठे निघून जाईल ही भीती नाही."

"बाबांना धड पायरी उतरता येत नाही. ते कुठे निघून जाणार आहेत?"

"बघ, चिडलीस. मी म्हणूनच म्हणतो, तुझ्या रागाचा त्यांना त्रास होतो. त्यांना आपण कुठे आहोत हे तरी कळतंय का, ते एकदा बघायला हवं. संस्थेच्या बाई येतील, दोन प्रश्न विचारतील, मग ठरवू. आणि हो, तिथे एकच बॅग नेता येते. ते काळं घड्याळ कुणाला तरी देऊन टाक. उगाच जागा अडवतं."

दादा 'मग ठरवू' म्हणतो तेव्हा ठरलेलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा म्हणजे चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढलेला माणूस. भिंगं बसवायची, वाकड्या काड्या सरळ करायच्या, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे स्क्रू पिळायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. चार-दोन शब्द मागे राहिले: हं, नाही, घर, बसलं, चुकलं. आणि गाढवा. डॉक्टर म्हणाले, शिव्या टिकतात, असंच असतं. बाबांनी जन्मभर ही एकच शिवी दिली होती, ती टिकली. मी गाढवा, दूधवाला गाढवा, ते सांगणारे डॉक्टरही गाढवा. सगळ्यांना प्रेमानेच.

आई गेल्यापासून ते दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. झटक्यानंतर ते शक्य नव्हतं. दादाच्या घरात अभ्यासाला वेगळी खोली आहे, पाहुण्यांना वेगळी आहे, पण बाबांना नव्हती. मी त्यांना माझ्याकडे आणलं. माझं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाबा, मागच्या खोलीत मी आणि माझी नोकरी. मी तक्रार केंद्रात आहे. कुणाचं तरी कपडे धुवायचं यंत्र बिघडतं आणि शिव्या मला बसतात. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व' असं मी दिवसभर कानाला हेडफोन लावून मधाळ आवाजात म्हणते. हेडफोन काढला की मध संपतो. मग मी ओरडते, हे खरं आहे. भांड्यांवर ओरडते, नळावर ओरडते, बाबांनी गोळी थुंकली की बाबांवरही ओरडते. ते म्हणतात, "गाढवा." मी म्हणते, "तुम्ही गाढव." आणि गोळी जाते पोटात.

तर, घड्याळ. ते दुकानात लटकायचं. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी बाबांना दिलं. लाकडी पेटी, पुढे काचेचं दार, दाराला पितळी कडं, पितळी बिजागऱ्या, किल्लीच्या भोकाभोवती पितळी पट्टी, चार कोपऱ्यांना नक्षीच्या पट्ट्या, डोक्यावर दोन पितळी गोळे. पितळी म्हणायचं नुसतं. सगळं तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

देऊन टाक म्हणाला ना? मी तेच घड्याळ खाली काढलं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बैठक मारली.

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाची नखं एवढी स्वच्छ होती की त्याने कधी काही घासलं असेल असं वाटेना. आणि बोलतोय, बोलतोय, बोलतोय. काम सुरू करण्याआधी हे लक्षात घ्या, ते लक्षात घ्या. मला घासायचं होतं, प्रवचन नको होतं. मी त्याचा पहिला भाग पुढे ढकलला आणि जिथे फडकं हातात घेतो तिथे थांबले.

स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दिसेल ते उचकटलं. कडं निघालं, बिजागऱ्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या. स्क्रू सगळे एका वाटीत. खण, खण, खण. प्रत्येक स्क्रूबरोबर दादाला एक शब्द.

"नाही," बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणाले. "नाही, नाही."

"आत्ता तर सुरुवात आहे बाबा. लगेच काय नाही?"

ते डावा हात हलवत राहिले. मी स्क्रू काढत राहिले.

पेस्ट लावून हात दुखेपर्यंत घासलं. काही नाही. मधूनच एखादा पिवळा ठिपका चमके आणि आजूबाजूला तसंच मळकट. मग कळलं की पितळावर जुन्या वार्निशचा थर आहे. मी इतका वेळ पितळ नाही, वार्निशच घासत होते. डोकं फिरलं. घरात वार्निश काढायचं काही नव्हतं, पण कपाटात नखांचं पॉलिश काढायची बाटली होती. नखं रंगवायचे दिवस कधीच गेले, बाटली राहिली होती. कापूस बुडवून फिरवला आणि तपकिरी चिकट ओघळ निघाले. त्या वासाने बाबांना शिंक आली. पहिल्यांदाच वाटलं, काहीतरी होतंय.

मग शहाणपणा केला. लिंबू आणि मीठ लावलं की पितळ लखलखतं, हे सगळ्यांना माहीत असतं. मी कोपऱ्याच्या दोन पट्ट्या थेट लिंबूमिठाच्या पाण्यात बुडवल्या आणि कामावर बसले. एका गिऱ्हाईकाने जेवायची वेळ टळेपर्यंत माझं डोकं खाल्लं. येऊन बघते तर पट्ट्या गुलाबी! पितळ पार तांब्यासारखं दिसायला लागलेलं. मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. एवढंसं काम, तेही धड जमू नये?

एक पट्टी उचलून बाबांच्या मांडीवर टाकली, वर फडकं टाकलं. "घ्या. तुम्ही घासा."

त्यांनी पट्टी गुडघ्यात धरली आणि डाव्या हाताने घासायला लागले. सावकाश, नुसतं गोल गोल, जोर अजिबात नाही. मधूनच उजेडात तिरकी धरून बघायचे. संध्याकाळपर्यंत चाललं होतं. नक्षीच्या खाचांत मी लावलेली पांढरी पेस्ट वाळून बसली होती, ती त्यांनी काडीने टोकरून काढली. गुलाबीपणा गेला आणि आतून जो रंग आला तो भडक नव्हता, शांत होता. माझ्या सगळ्या तुकड्यांपेक्षा ती पट्टी चांगली झाली. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "हं," म्हणाले.

"हं काय हं. आधी सांगायचं ना, जोर लावू नको म्हणून."

"गाढवा."

पुढचे काही दिवस आमचं असंच चाललं. माझी नोकरी झाली की वर्तमानपत्र पसरायचं, एक तुकडा त्यांना, एक मला. ते काही मागायचे नाहीत, फक्त चष्मा काढला की "घर, घर" करायचे, मग मी चष्म्याचं घर हातात द्यायची. तेवढ्या वेळात मी ओरडायची नाही. खरंच नाही.

शेवटी सगळं चकचकीत झालं आणि मी ते पेटीवर पुन्हा चढवायला घेतलं. बाबा दुपारचे झोपले होते. म्हटलं, उठल्यावर दाखवू. स्क्रू मात्र हट्टीपणा करायला लागले. काही पटकन आत गेले, काही अर्ध्यात अडकले. एकाचं डोकं बाहेरच राहिलं. मी दात ओठ खाऊन पिळले. दार लावून बघितलं तर लागेना, बोटभर फट राहायची. जाऊ दे, जुनं आहे, एवढं चालायचंच. दरवाज्याजवळच्या फळीवर घड्याळ ठेवलं आणि लांबून बघितलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! घरात कुणीतरी मोठा माणूस येऊन बसल्यासारखं वाटलं.

बाबा उठले. काठी टेकत टेकत फळीपर्यंत आले. मी हात पुसत मागे उभी, कौतुक ऐकायला. त्यांनी कड्यावरून अंगठा फिरवला, खाली आणला, बिजागरीवर थांबवला. चेहरा उतरला.

"घर," म्हणाले. "घर चुकलं."

"काय?"

"घर चुकलं. नाही. चुकलं!" आणि फळीवर थाप मारली, घड्याळ हादरलं.

"हे घर चुकलं? बाबा, हे आपलंच घर आहे. माझं. तुम्ही माझ्याकडे राहता."

"नाही! घर चुकलं!"

त्यानंतर रोज तेच. मी मागच्या खोलीतून बाहेर आले की खुर्चीतून बाहेरच्या दरवाज्याकडे हात करायचे आणि म्हणायचे, घर चुकलं. आधी मी समजावलं. मग चिडले. मग गप्प बसले, आणि मी गप्प बसते तेव्हा समजावं की लागलंय. दुकानावरच्या त्या खोल्या हव्यात यांना, की दादाचं घर? इतके दिवस परक्याकडे राहिल्यासारखे राहिले की काय इथे?

अशात संस्थेच्या बाई आल्या. दादा बरोबर होताच. बाई दिसायला प्रेमळ होत्या आणि आवाज तर इतका मऊ की लोणी. तो आवाज मी लगेच ओळखला. तो माझाच होता, कामावरचा.

दादाचा चष्मा सारखा नाकावरून खाली येत होता. एका काडीचा स्क्रू पडलेला, तिथे पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळलेली. चष्मेवाल्याचा मुलगा! दर वाक्याला चष्मा वर ढकलायचा आणि पुढे बोलायचा. बाबा त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"आजोबा," बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "या कोण?"

"गाढवा," बाबा म्हणाले.

"बरोबर आहे," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

"आज वार कोणता आजोबा?"

"हं."

"बरं. आणि हे घर कुणाचं आहे?"

बाबांनी बाईंच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. डावा हात उचलला. सगळं अंग गोळा करून म्हणाले, "घर चुकलं."

"इथे राहायला आवडत नाही का तुम्हाला?"

"नाही. चुकलं. चुकलं!"

"दरवाज्याकडे हात करतायत," बाई दादाला हळूच म्हणाल्या. "बाहेर पडायचं असतं यांना. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत. आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही, आणि मग अस्वस्थ होतात."

दादाने चष्मा वर ढकलला. "ऐकलंस?" मला म्हणाला. शांतपणे. त्याच्या त्या शांतपणाला एक दिवस मी कानाखाली वाजवणार आहे. "मी नाही बोललो. ते बोलले. रविवारी मी गाडी घेऊन येतो."

जन्मात पहिल्यांदा भोंग्यातून आवाज निघाला नाही. बाबांनीच सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलणार होते?

ते गेले आणि मग निघाला आवाज. "तुमच्या चादरी धुतल्या मी," मी बाबांसमोर उभी राहून ओरडले. "तुमची दाढी केली, तुमचं सगळं केलं, नाक न मुरडता केलं! नोकरीवरून उठून उठून केलं! आणि त्या परक्या बाईसमोर सांगता हे घर नाही? मग जा! जा कुलपात! तिथे सापडेल तुम्हाला घर!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते. "गाढवा," म्हणाले, अगदी हळू.

मी तोंड फिरवलं. समोर घड्याळ. दार उघडंच, नेहमीसारखं, बोटभर. ते बघून माझा पारा आणखी चढला. दार आपटलं. ते परत उघडलं. पुन्हा आपटलं. पुन्हा उघडलं. घड्याळ खाली घेतलं, टेबलावर आडवं टाकलं, स्क्रू ड्रायव्हर आणला. कुठे अडतंय ते तरी बघू दे. वरच्या बिजागरीच्या एका स्क्रूचं डोकं बाहेर राहिलं होतं, तिथे दार अडत होतं. तो काढला, शेजारचा काढला. एक किंचित लांब आणि बारीक, एक किंचित बुटका आणि जाड. बुटका पुन्हा घातला आणि अंगातला सगळा जोर लावून पिळला. जाईना. आणखी पिळला. स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि माझ्या नव्याकोऱ्या पितळावर हा लांब ओरखडा.

"अरे मेल्या," मी किंचाळले, "तुझं घर चुकलंय!"



माझ्याच तोंडून निघालं आणि माझ्याच कानावर पडलं.

"हं," बाबा खुर्चीतून म्हणाले. मग आणखी मोठ्याने, खुर्चीच्या हातावर मूठ आपटत, "हं! हं! हं!"

घर. आमच्याकडे स्क्रूच्या भोकाला भोक कधी म्हणतच नसत. चष्म्याला घर, बटणाला घर, तसं स्क्रूलाही घर. शाळा सुटली की मी दुकानात बाबांच्या टेबलाशी बसायची, तेव्हा ते चिमट्याने स्क्रू धरून दाखवायचे. दिसायला सगळे सारखे, पण जुन्या कामात प्रत्येक जण हाताने घडवलेला असतो, ज्याचं घर त्यालाच बसतं. हे मी दुधाच्या दातांपासून ऐकलेलं. आणि मी काय केलं? सगळ्यांना एका वाटीत टाकून खणखणवलं. बाबा पहिल्या दिवसापासून 'नाही, नाही' करत होते. बिजागरीवर अंगठा ठेवून सांगत होते. दरवाज्याकडे कुठला हात करतायत, दरवाज्याजवळच्या फळीकडे हात करत होते! आणि मी, त्यांच्याच पोटची, तीच भाषा बोलणारी, रोज जखम करून घेत बसले. त्या बाईंना कळलं नाही, त्या परक्या. मला काय झालं होतं? मला राग हवा होता, म्हणून मी त्यातला रागच ऐकला.

मी बाबांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं. त्यांनी डाव्या हाताने टपली मारली, प्रेमाची म्हणावी त्यापेक्षा जरा जोरात.

फोनवर तो स्वच्छ नखांचा माणूस काढला आणि मी पुढे ढकललेला भाग लावला. दुसऱ्याच वाक्याला म्हणतो, स्क्रू पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, जिथला तिथे, ते सारखे दिसले तरी सारखे नसतात. मी फोन उलटा ठेवला.

दादाला लगेच कळवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेडमास्तर ऐकून घेतात तसं. मग म्हणाला, "तुझी तळमळ समजते मला. पण तू ओढूनताणून अर्थ लावतेस. अशा अवस्थेत शब्दांना अर्थ राहत नाही. नुसते आवाज असतात ते."

नुसते आवाज! ठीक आहे. मी सगळे स्क्रू पुन्हा काढले आणि पुन्हा वाटीत टाकले. आम्ही दोघांनी बसून ते लगेच लावले असते. लावले नाहीत. रविवार यायचा होता.

रविवारी दादा आला तो चाकांची नवी बॅग घेऊन. बॅगेला बाबांच्या नावाची चिठ्ठीसुद्धा बांधलेली. माझ्या डोक्यात सणक गेली, पण मी आवाज चढवला नाही. कामावरचा आवाज काढला. "बस दादा. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. दोनच मिनिटं."

"नाटकं नकोत. गाडी खाली उभी आहे."

"बस म्हटलं ना!" हा माझा खरा आवाज होता. तो बसला.

बाबांची खुर्ची टेबलाशी घेतली. पुढे घड्याळ, शेजारी बिजागऱ्या, वाटी, आणि बाबांची जुनी कापडी गुंडाळी, तिच्यात त्यांचे चष्म्याचे स्क्रू ड्रायव्हर आणि एक पत्र्याची डबी. गुंडाळी बघून बाबांनी तिच्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

मग वाटी कलंडली. एकेक स्क्रू बोटाने पुढे घेतला, अंगठ्यावर घोळवला, बाजूला मांडला. मी बिजागरी जागेवर धरली. त्यांनी एक स्क्रू लावला, अर्धा फेरा दिला. "नाही." काढला. दुसरा लावला. "घर," म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं, कळलं का गाढवा, अशा नजरेने. डाव्या हाताने पिळायला वेळ लागत होता, मध्ये मध्ये थांबायचे. स्क्रूचं डोकं पितळाशी सपाट झालं. "बसलं."

एक, मग पुढचा. नाही. घर. बसलं. दादा मनगटावरच्या घड्याळात बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. बाबा कुणाकडेच बघत नव्हते. सगळे स्क्रू आपापल्या घरी गेले तेव्हा बाबांनी काचेचं दार एका बोटाने ढकललं. ते गेलं आणि लागलं. टक्. फट नाही, काही नाही.

"झालं?" मी दादाला म्हटलं. "नुसते आवाज?"

दादाने घसा साफ केला. "छान आहे. पण हाताची सवय असते ती. माणूस सगळं विसरतो, हात विसरत नाहीत. यातून काही सिद्ध होत नाही. भावनेच्या भरात निर्णय घ्यायचे नसतात." उठला, बॅग पुढे ओढली, बाबांच्या काखेत हात घालायला वाकला. "चला बाबा. घरी जाऊ."

घरी म्हणाला. कुलपाला घर म्हणाला. मी वाटी उचलली होती, फेकायला, देवाशपथ खोटं नाही सांगत.

पण तो वाकला तसा त्याचा चष्मा घसरला, आणि बाबांनी डाव्या हाताने तो त्याच्या नाकावरून अलगद काढून घेतला. जन्मभर गिऱ्हाइकांचा काढायचे तसाच. दादा आंधळ्यासारखा डोळे मिचकावत वाकलेलाच राहिला, एक हात बॅगेवर. बाबांनी काडीची चिकटपट्टी नखाने सोलली, वर्तमानपत्रावर टाकली. मला डोळ्यांनी डबी दाखवली. मी उघडली. आत चष्म्याचे स्क्रू, धुळीच्या कणांसारखे. त्यांनी बोट ओलं करून एक टिपला, सांध्यावर नेला. नाही. दुसरा टिपला. मी दोन्ही हातांनी चौकट धरली होती. सर्वांत बारीक स्क्रू ड्रायव्हर, पाव फेरा, अर्धा फेरा.

"घर," बाबा म्हणाले. "बसलं."

काडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. फडक्याने भिंगं पुसली. मग चष्मा दादाला घातला, आधी एक कान, मग दुसरा, आणि जरा मागे रेलून बघितलं, सरळ बसलाय का. बसला होता.

त्यांनी बॅगेकडे बघितलं. बांधलेल्या चिठ्ठीकडे बघितलं. मग दादाकडे.

"गाढवा," म्हणाले. पुढचं निघेना. आम्ही दोघं थांबलो. त्यांनी मान झटकली आणि ते बाहेर काढलं. "घर चुकलास."

दादा सरळ उभा राहिला. तोंड लाल झालं होतं. "त्यांना 'चुकलं' म्हणायचंय," म्हणाला. "स्क्रूचं."

"नाही," मी म्हटलं. ओरडले नाही, गरज नव्हती. "वर्षभर मी 'चुकलं' ऐकतेय. 'चुकलास' आज पहिल्यांदा म्हणाले. इतकी वर्षं व्याकरण शिकवलंस ना, हेडमास्तर? मग सांग. या वाक्यात कर्ता कोण?"

दादाने सवयीने चष्मा वर ढकलला. तो घसरलेला नव्हता.